अदृश्य प्रकाश आणि मानवी मेंदू



अंधाऱ्या खोलींत विजेरी पेटवून तिच्या तोंडावर तळहात दाबून धरला, तर बोटांच्या कडा माणकासारख्या तांबड्या दिसूं लागतात. विजेरीचा प्रकाश पांढरा, म्हणजे सर्व रंगांनीं मिळून झालेला. मग हातापलीकडे एकटा तांबडाच कां येतो? उत्तर सोपें आहे. निळा, हिरवा, पिंवळा हे रंग रक्त आणि मांस यांच्यांत वाटेंतच जिरून जातात. तांबडा पुष्कळसा निसटतो. आणि तांबड्याच्याहि पलीकडे असलेला, डोळ्यांस न दिसणारा जो प्रकाश आहे, तो तर त्याहूनहि सुखरूपपणें पार होतो. या अदृश्य प्रकाशास शास्त्रज्ञ अवरक्त प्रकाश म्हणतात, आणि त्यांतील तांबड्यास लागून असलेल्या पट्ट्यास समीप-अवरक्त असें नांव आहे.

हा प्रकाश कपाळावर किंवा डोक्यावर पाडला असतां तो कवटींतून आंत शिरून दुखावलेल्या मेंदूस कांहीं बळ देईल काय, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वैद्यकापुढें उभा आहे. प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाहीं. दिव्यांनीं मढविलेलीं शिरस्त्राणें आज बाजारांत विकत मिळतात. ज्या घरांत पक्षाघातानें एक अंग गेलेले वडील आहेत, किंवा स्वतःच्या मुलांचीं नांवें विसरूं लागलेली आई आहे, त्या घरांत अशी जाहिरात वाचणाऱ्याच्या मनाची काय अवस्था होत असेल, तें सांगावयास नको. आशा ही मोठी गोष्ट आहे. परंतु आशेची किंमत पैशांत आणि काळांत द्यावी लागते. म्हणून या विषयाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावा, आणि प्रकाशोपचार कोणत्या अटींवर यशस्वी होत आला तें त्या इतिहासालाच विचारावें, असा माझा हेतु आहे.

अवरक्त प्रकाशाचा शोध १८०० सालचा. विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा वादक. इंग्लंडांत येऊन तो ज्योतिषी झाला आणि १७८१ सालीं त्यानें युरेनस ग्रह शोधून काढला. सूर्याचें निरीक्षण करतांना तो दुर्बिणीस रंगीत कांचा लावीत असे. कांहीं कांचांतून प्रकाश पुष्कळ येई पण ऊब थोडी, तर कांहींतून याच्या उलट, हें त्याच्या ध्यानांत आलें. तेव्हां त्यानें लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग पसरले आणि एकेका रंगांत उष्णतामापक धरला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावें तशी उष्णता वाढे. आणि तांबडा संपून जेथें डोळ्यांस काळोखच दिसे, तेथें पारा सर्वांत उंच चढे. आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें या प्रयोगांतील एक बारकावा फार मोलाचा आहे. किरणांत धरलेल्या उष्णतामापकाजवळच त्यानें आणखी दोन उष्णतामापक किरणांबाहेर ठेविले होते. खोलीच पुरती तापली असेल तर तेहि चढतील, हा त्याचा विचार. ज्यावर प्रकाश पडला तें आणि ज्यावर पडला नाहीं तें, या दोहोंची शेजारीं ठेवून तुलना करावयाची, हा धडा अवरक्त प्रकाशाच्या जन्माबरोबरच जन्मलेला आहे.

यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं प्रकाशाला औषधाचें स्थान मिळवून देणारा पुरुष निघाला. नील्स फिन्सेन याचा जन्म १८६० सालीं फॅरो बेटांत झाला. तरुणपणापासून तो असाध्य व्याधीनें जर्जर होता. त्या काळीं युरोपांत त्वचेचा क्षय हा एक भयंकर रोग होता. त्यानें नाक व गाल झिजून जात आणि रोगी लोकांसमोर तोंड काढीनासे होत. फिन्सेननें १८९५ सालीं कोपनहेगन येथें विजेच्या प्रखर दिव्याचा प्रकाश भिंगांनीं एकवटून तो अशा व्रणांवर सोडण्यास आरंभ केला, आणि पुढच्या वर्षीं त्याच्या नांवाची संस्था तेथें उभी राहिली. त्याच्या पद्धतीचें मर्म असें कीं, तो आधीं प्रकाश त्वचेंत कितपत शिरतो तें पाही. कानाच्या पाळीच्या एका बाजूनें प्रकाश सोडून दुसऱ्या बाजूस त्यानें छायाचित्राचा कागद लावला. कागद काळा पडेना. मग पाळी दोन कांचांमध्यें दाबून तींतील रक्त बाजूला सारलें, तेव्हां कागद काळा झाला. म्हणजे रक्त हा प्रकाशाच्या वाटेंतील पहारेकरी होय! तेव्हांपासून तो व्रणावर गार पाण्यानें थंड ठेवलेलें स्फटिकाचें भिंग दाबून धरून उपचार करूं लागला. शेंकडों रोग्यांचे चेहरे बरे झाले. १९०३ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. १९०४ सालीं, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें ओग्युस्त रोलिए यानें लेझां या डोंगरावरील गांवीं हाडांच्या क्षयाच्या रोग्यांसाठीं सूर्यस्नानाचीं रुग्णालयें काढलीं. परंतु १९४४ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध जाहीर झाला, क्षयावर रामबाण औषधें हातीं आलीं, आणि प्रकाशोपचाराची सद्दी पाहतां पाहतां संपली.

सद्दी संपण्यापूर्वीं प्रकाशाच्या नांवावर बरीच लबाडीहि होऊन गेली होती, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. दिनशाह घडियाली हे पारशी गृहस्थ १८७३ सालीं मुंबईस जन्मले आणि १९११ सालीं अमेरिकेंत स्थायिक झाले. १९२० सालीं त्यांनीं 'स्पेक्ट्रो-क्रोम' नांवाचें यंत्र पुढें आणलें. एक मोठा दिवा आणि त्यापुढें सरकविण्याच्या रंगीत कांचा, एवढेंच तें यंत्र. अमुक रोगास अमुक रंग, अमुक तिथीस अमुक वेळीं, असें त्यांचें शास्त्र. यंत्रें हजारोंनीं खपलीं. शेवटीं अमेरिकन सरकारनें खटला भरला. ज्या रोग्यांस हे गृहस्थ बरे झाले म्हणून मिरवीत होते, त्यांपैकीं कांहीं त्याच रोगानें दगावल्याचें न्यायालयांत दाखविण्यांत आलें. आणि १९४७ सालीं त्यांस दोषी ठरवून २०,००० डॉलर दंड झाला. फिन्सेनचाहि दिवाच आणि घडियाली यांचाहि दिवाच. मग भेद कोठें? फिन्सेननें प्रकाश कोठवर पोंचतो तें मोजलें, रोग डोळ्यांसमोर कमी होतांना दाखविला. घडियाली यांनीं मोजलें कांहींच नाहीं; सांगितलें मात्र सर्व कांहीं.

येथें एक खरेंखुरें यशहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर प्रकाशोपचारावर अन्याय होईल. इंग्लंडांतील रॉचफर्ड येथील रुग्णालयांत सिस्टर वॉर्ड नांवाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बालकांस उन्हांत नेत असत. १९५६ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, कावीळ झालेल्या बाळाचें जें अंग उघडें राहतें तेथला पिंवळेपणा फिका पडतो आणि दुपट्याखालचा तसाच राहतो. म्हणजे त्या एकाच बाळाच्या अंगावर हर्शेलचे किरणांतील व किरणांबाहेरील उष्णतामापक जणूं शेजारीं शेजारीं ठेविलेले होते. तेथील डॉक्टरांनीं ही गोष्ट थट्टेवारी न नेतां तिची परीक्षा केली आणि १९५८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काविळीच्या पिंवळ्या द्रव्याच्या कणाचा आकार निळ्या प्रकाशानें बदलतो आणि मग तें शरीराबाहेर टाकणें सोपें जातें, हेंहि पुढें सिद्ध झालें. आज आपल्याकडील प्रसूतिगृहांतून नवजात बालकास 'दिव्याखालीं ठेवतात' तें याचमुळें.

या दोन यशांवरून तीन प्रश्न निष्पन्न होतात. पहिला, प्रकाश इष्ट स्थळीं पोंचतो काय? दुसरा, तेथें त्याला झेलणारें द्रव्य कोणतें? तिसरा, लाभ झाला तो प्रकाशानेंच झाला, हें तुलनेनें सिद्ध झालें काय? त्वचेच्या आणि काविळीच्या बाबतींत तिन्ही प्रश्नांस कालांतरानें उत्तर मिळालें. आतां हेच प्रश्न घेऊन मेंदूकडे वळूं.

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करणें सोयीचें होईल, कारण त्याचा इतिहास सर्वांत जुना आहे. मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा दोन भागांएवढेंच. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकंदर शक्तीचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. ही शक्ति पेशींतील तंतुकणिका नांवाच्या सूक्ष्म भट्ट्यांत तयार होते. त्या भट्टीच्या तोंडाशीं प्राणवायु वापरणारें एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें द्रव्य, बसलेलें असतें. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वार्बुर्ग यानें १९२६ च्या सुमारास या विकराचा माग काढला, तो प्रकाशाच्याच साहाय्यानें. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूनें पेशींचा श्वास कोंडतो. तशा कोंडलेल्या पेशींवर प्रकाश टाकला कीं त्या पुन्हां श्वास घेऊं लागतात. कोणत्या रंगानें हा परिणाम किती होतो तें मोजून वार्बुर्गनें, हातीं न लागलेल्या त्या विकराची ओळख पटविली. १९३१ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. प्रकाश आणि पेशींचा श्वास यांचा संबंध ही कल्पनेची भरारी नव्हे. तो प्रयोगशाळेंत दिसलेला आहे.

यानंतर एका अपघातानें या विषयास नवें वळण लागलें. १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर तयार केला. लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एकवटलेला प्रकाश. त्यानें कर्करोगाची गांठ जाळतां येईल, अशी आशा निर्माण झाली. हंगेरींतील बुडापेस्ट येथील शल्यवैद्य एंड्रे मेस्टर यानें असा एक प्रयोग उंदरांवर करून पाहण्याचें ठरविलें. परंतु त्याच्या हातीं असलेला लेसर अगदीं दुबळा होता. कर्करोगावर त्याचा कांहींच परिणाम झाला नाहीं. मात्र प्रयोगासाठीं उंदरांच्या पाठीवरील केस भादरले होते, ते प्रकाश मिळालेल्या उंदरांच्या अंगावर, न मिळालेल्यांपेक्षां लवकर उगवले. हें १९६७ सालचें. जखमा भरण्यासाठीं दुबळा लेसर वापरण्याची प्रथा येथून पडली. १९८० नंतर सोव्हिएट रशियांत टिना कारू या विदुषीनें अनेक प्रयोगांवरून असें प्रतिपादिलें कीं, तांबडा व समीप-अवरक्त प्रकाश झेलणारें द्रव्य म्हणजे वार्बुर्गनें शोधलेलें तेंच विकर होय. प्रकाशानें त्याची गति वाढते आणि पेशीस अधिक शक्ति मिळते. हें अनुमान आज सर्वांत अधिक मान्य आहे. तथापि तें वाद मिटविणारें नाहीं, कारण तें विकर नसलेल्या पेशींवरहि प्रकाशाचा परिणाम दिसल्याचें पुढें कांहीं संशोधकांनीं दाखविलें आहे. शिवाय येथें 'अति तेथें माती' हा नियम कडक आहे. थोड्या प्रकाशानें पेशी उत्तेजित होतात, अधिकानें तो लाभ नाहींसा होतो, आणि त्याहून अधिकानें हानि होते.

आतां पहिला प्रश्न. प्रकाश कवटीपलीकडे पोंचतो काय? पोंचतो, हें अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत फ्रान्स योब्सिस यानें १९७७ सालीं दाखविलें. समीप-अवरक्त प्रकाश डोक्यांतून आरपार पाठवून मेंदूस प्राणवायु किती मिळतो, तें शस्त्र न लावतां मोजतां येतें, असें त्यानें सिद्ध केलें. याच तत्त्वाचें धाकटें भावंड २०२० च्या महामारींत आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं आलें. बोटाच्या टोंकास लावून रक्तांतील प्राणवायु दाखविणारा तो चिमटा तांबडा आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांवर चालतो, आणि त्याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यानें १९७४ सालीं मांडलेली आहे. परंतु मोजण्यास पुरेल एवढा प्रकाश पोंचणें वेगळें आणि उपचारास पुरेल एवढा पोंचणें वेगळें. केस, कातडी, रक्त आणि हाड यांतून जातांना या प्रकाशाचा बहुतेक भाग वाटेंतच जिरतो किंवा विखुरतो. उंदराची कवटी कागदाएवढी पातळ आणि मेंदू बोरासारखा. माणसाची कवटी जाड आणि मेंदू खोल. उंदराच्या मेंदूच्या तळाशीं पोंचणारा प्रकाश माणसाच्या मेंदूच्या वरच्या थरांतच संपतो. प्राण्यांवरील उत्साहजनक निष्कर्ष वाचतांना हें विसरतां कामा नये.

उरला तिसरा प्रश्न, तुलनेचा. आणि येथें या इतिहासांतील सर्वांत उद्बोधक प्रकरण येतें. सशांस व उंदरांस कृत्रिम रीतीनें पक्षाघात घडवून नंतर लेसर दिला असतां ते अधिक सुधारतात, असें दिसून आल्यावर माणसांवर परीक्षा घेण्याचें ठरलें. पक्षाघात झाल्यापासून २४ तासांच्या आंत रोग्याचें डोकें भादरून त्यावरील २० ठिकाणीं ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लावावयाचा. कांहीं रोग्यांस खरा प्रकाश द्यावयाचा, कांहींस केवळ यंत्र लावल्याचा बहाणा करावयाचा. आणि कोणास काय मिळालें तें रोग्यासहि कळूं द्यावयाचें नाहीं, त्याला तपासणाऱ्या डॉक्टरासहि नाहीं. हा प्रकाश डोळ्यांस जवळजवळ दिसतच नाहीं, त्यामुळें असा बहाणा येथें सहज साधतो.

पहिल्या परीक्षेचा निकाल २००७ सालीं प्रसिद्ध झाला. रोगी १२०. खरा प्रकाश मिळालेल्यांपैकीं शेंकडा ७० जणांत चांगली सुधारणा झाली, बहाणा मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५१ जणांत. केवढी ही आशा! २००९ सालीं ६६० रोग्यांच्या दुसऱ्या परीक्षेचा निकाल आला. आतां हें प्रमाण शेंकडा ३६ आणि शेंकडा ३१ असें निघालें. प्रकाशाचें पारडें अजून किंचित् जड होतें. परंतु एवढा फरक निव्वळ योगायोगानेंहि पडूं शकतो, असें गणितानें सांगितलें. तेव्हां तिसरी, याहून मोठी परीक्षा सुरू झाली. २०१२ सालीं ५६६ रोग्यांचे निकाल मध्येंच तपासून पाहण्यांत आले. दोन्ही गटांत कांहीं भेद नव्हता. परीक्षा तेथेंच थांबविण्यांत आली.

या तीन निकालांकडे पुन्हां एकवार पाहावें. रोग्यांची संख्या जसजशी वाढली तसतसा लाभ आटत गेला. समजा, २००७ सालींच हात राखला असता, आणि पहिल्या निकालावर विसंबून जगभर हीं यंत्रें रुग्णालयांत बसविलीं असतीं, तर? हजारों कुटुंबांनीं निष्फळ उपचारावर पैसा ओतला असता, आणि तो निष्फळ आहे हें कदाचित् कोणास कधीं कळलेंहि नसतें. कारण पक्षाघाताचे कित्येक रोगी आपोआपहि सुधारतात, आणि त्याचें श्रेय जवळ असलेल्या दिव्यास सहज मिळतें. ज्या संशोधकांनीं आपल्याच आशेची अशी कठोर परीक्षा घेतली, त्यांस अपयशी म्हणणें मला योग्य वाटत नाहीं.

मग हा विषय संपला काय? तसेंहि नाहीं. पक्षाघातांत उपचारास उशीर झाला असेल, प्रकाश खोलवर पोंचला नसेल, मात्रा चुकली असेल, असे अनेक तर्क आहेत आणि ते विचारार्ह आहेत. अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठांत गोन्झालेझ-लिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं ४० निरोगी तरुणांच्या कपाळावर १०६४ नॅनोमीटरचा लेसर लावून पाहिला. ज्यांस तो मिळाला त्यांचें अवधान आणि स्मरण तेवढ्या वेळेपुरतें सुधारल्याचें त्यांस आढळलें. फ्रान्समध्यें ग्रनोब्ल येथें याहूनहि धाडसी वाट धरण्यांत आली आहे. कंपवातांत ज्या पेशी मरतात त्या मेंदूच्या पार तळाशीं. तेथें बाहेरून प्रकाश पोंचणें अशक्य. तेव्हां कवटीचा अडसरच टाळून केसासारखा बारीक प्रकाशतंतु मेंदूंत बसवावयाचा, असा हा मार्ग आहे. माकडांवर तो गुणकारी दिसला आणि त्यानंतर थोड्या रोग्यांवर त्याची परीक्षा हातीं घेण्यांत आली. कानाच्या पाळीतलें रक्त बाजूला सारणाऱ्या फिन्सेनचीच ही बुद्धि नव्हे काय? स्मृतिभ्रंश, औदासीन्य आणि डोक्यास लागलेला मार यांवरहि प्रयोग चालू आहेत. पण बहुतेक प्रयोगांतील रोग्यांची संख्या पहिल्या पक्षाघात-परीक्षेहूनहि लहान आहे, आणि लहान संख्येचा भरंवसा किती धरावा तें आपण आतांच पाहिलें. उलट, कर्करोगाच्या उपचारानें तोंडांत पडणारे व्रण टाळण्यासाठीं हाच दुबळा लेसर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळींनीं मान्य केला आहे. तेथें प्रकाश व्रणावर थेट पडतो आणि तुलना पुरेशा रोग्यांवर झालेली आहे. तोच प्रकाश, तीच मात्रेची शिस्त. फरक काय तो पुराव्याचा.

यावरून गृहस्थानें काय बोध घ्यावा? कोणी शिरस्त्राण विकावयास आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावे. हा प्रकाश मेंदूच्या कोणत्या भागापर्यंत पोंचतो? किती वेळ आणि किती मात्रेंत तो द्यावयाचा, हें कोणत्या आधारानें ठरविलें? आणि बहाण्याचा दिवा लावलेल्या रोग्यांशीं तुलना केली असतां, किती रोग्यांस किती गुण आला? उत्तरें मिळालीं नाहींत, तर पैसे खिशांत राहूं द्यावे. पक्षाघाताच्या बाबतींत तर एक घटकाहि अशा शोधांत दवडूं नये. पहिल्या कांहीं तासांत रुग्णालयांत नेल्यानें जें साधतें तें पुढें कोणत्याहि दिव्यानें साधत नाहीं. चालू असलेलें औषध डॉक्टरांस न विचारतां बंद करणें, ही स्पेक्ट्रो-क्रोमच्या काळींहि घातक चूक होती आणि आजहि आहे. मात्र एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेंत शास्त्रोक्त परीक्षा चालू असेल आणि तींत भाग घेण्याची रोग्याची इच्छा असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें तसें अवश्य करावें. तो प्रकाश त्याला लाभेल किंवा न लाभेल. पण त्याच्या सहभागानें पुढच्या रोग्यास खरें उत्तर मिळेल.

दोनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं हर्शेलनें काळोखांत एक उष्णतामापक ठेविला आणि त्याच्या शेजारीं आणखी दोन. पहिल्यानें शोध लावला. दुसऱ्या दोहोंनीं तो खरा ठरविला. मेंदूवरील प्रकाशोपचारास पहिला उष्णतामापक मिळालेला आहे. शेजारचे दोन काय सांगतात, तिकडे आतां वैद्यकाचें लक्ष लागलें आहे. आणि तें कळेपर्यंत धीर धरणें हेंहि रोग्याच्या सेवेचेंच एक अंग आहे.